जुन्या काळातली प्रेमकथा डिस्कवर घेताना

'गॉन विथ द विंड'ची डिस्क मी पहिल्यांदा लावली तेव्हा पडद्यावर काहीच हलेना. वाद्यवृंद मात्र जोरात चालू. थोडा वेळ वाट पाहिली, मग डिस्क बाहेर काढली, पुसली, परत लावली. परत तेच. प्लेअर अडकला असं धरून मी तो बंदसुद्धा केला. तिसऱ्या खेपेला चिडून पुढे ढकलला तेव्हा सिनेमा सुरू झाला आणि मग उजेड पडला: ते ओव्हर्चर होतं. १९३९ साली थिएटरात लोक खुर्च्या शोधून बसेपर्यंत जे संगीत वाजायचं, ते डिस्कवरही जसंच्या तसं ठेवलं आहे. मध्यंतरानंतर लोक परत येताना वाजायचं ते वेगळं, आणि शेवटी उठून जाताना वाजायचं तेही वेगळं.

कादंबरीवर बेतलेल्या, जुन्या काळात घडणाऱ्या प्रेमकथा डिस्कवर घ्यायला लागलेल्या माणसाचे पहिले घोटाळे साधारण असेच असतात. डिस्क ठीक असते, ती काय सांगतेय ते आपल्याला कळत नसतं. पुढच्या कव्हरवरची नायक-नायिका सगळीकडे सारखीच दिसतात. कामाचा मजकूर मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असतो. तो वाचता आला की निम्मं काम झालं.

पायरी १: कोणतं रूपांतर हवंय ते ठरवा

गाजलेली कादंबरी पडद्यावर एकदाच येऊन थांबत नाही. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या. १९४० चा कृष्णधवल सिनेमा आहे (त्यातले कपडे कादंबरीच्या काळापेक्षा बऱ्याच पुढच्या फॅशनचे आहेत, पण ते सोडा). १९८० ची बीबीसीची मालिका आहे. १९९५ ची बीबीसीचीच सहा भागांची मालिका आहे. आणि २००५ चा कीरा नाइटलीचा सिनेमा आहे. नाव चौघांचं एकच. नुसतं नाव टाकून शोधलंत तर चौघं एकाच रांगेत समोर येतात, आणि घाईत भलतंच गळ्यात पडतं.

म्हणून शोधताना नावासोबत साल आणि दिग्दर्शक किंवा मुख्य नट, एवढं तरी टाकाच. पाकीट हातात असेल तर एकूण मिनिटं बघा. सिनेमा दोन-सव्वादोन तासांचा, सहा भागांची मालिका पाच तासांच्या वर. मिनिटांचा आकडा खोटं बोलत नाही.

यातलं आधी कोणतं बघावं असं विचाराल तर माझं मत: कादंबरी वाचलेली असेल तर मालिका, नसेल तर सिनेमा. मालिकेत पत्रं, भेटी, गैरसमज सगळे आपापल्या गतीने येतात, आणि वाचलेल्या माणसाला तेच हवं असतं. न वाचलेला मात्र दुसऱ्या भागातच बहिणींच्या नावांत गुरफटतो.

एकाच रूपांतराच्या दोन प्रतीही असू शकतात. २००५ च्या त्याच सिनेमाचा शेवट ब्रिटनमध्ये वेगळा आणि अमेरिकेत वेगळा दाखवला गेला. ब्रिटनमध्ये वडील लग्नाला होकार देतात तिथे पडदा पडतो. अमेरिकेतल्या प्रतीत त्यापुढे नवरा-बायकोचा एक रात्रीचा प्रसंग येतो, चुंबनासकट. कुणाला तो गोड वाटतो, कुणाला गोडात साखर. मला विचाराल तर वडिलांच्या हसण्यावर संपलेलंच बरं. पण डिस्क घेण्याआधी त्यावर कोणती प्रत आहे हे माहीत असावं, नाहीतर 'माझ्या डिस्कवर तो सीनच नाही' म्हणून उगाच तक्रारी होतात.

पायरी २: मिनिटांचा हिशोब

सिनेमाची लांबी एका डिस्कवर १२९ मिनिटं आणि दुसऱ्या डिस्कवर १२४ अशी दिसली तर लगेच 'पाच मिनिटं कापली' म्हणू नका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चालतो. युरोपात वापरात असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तोच सिनेमा सेकंदाला २५ चौकटींनी चालवतात. म्हणजे सगळंच चार टक्के भरभर. अमेरिकी डिस्कवरची मिनिटं २४ ने गुणा आणि २५ ने भागा. १२९ चे जवळजवळ १२४ येतात. एकही प्रसंग गेलेला नसतो.

याचा एक छोटा त्रास आहे. वेग वाढला की बहुतेक वेळा आवाजही चढतो, अर्ध्या सुराहून थोडा कमी. बोलण्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण दिवाणखान्यात नायिका पियानो वाजवत बसते, आणि अशा सिनेमांत ती बसतेच, तेव्हा तयार कानाला खटकतं. ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त तपशिलाच्या डिस्कवर, सिनेमे सहसा मूळच्या २४ चौकटींनीच असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

हिशोब करूनही आठ-दहा मिनिटांचा फरक उरला तर मात्र खरंच काहीतरी कापलेलं आहे. ब्रिटिश मालिकांच्या बाबतीत हे होतं. अमेरिकेत दाखवताना भागांना कात्री लागते, आणि कधी तीच प्रत डिस्कवरही जाते. म्हणूनच काही अमेरिकी डिस्कवर 'मूळ ब्रिटिश आवृत्ती' असं मुद्दाम छापलेलं असतं. ते दिसलं तर निर्धास्त घ्या.

पायरी ३: डीव्हीडी, ब्लू-रे की फोर-के

आकडे सोपे आहेत. डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ४८० ठिपक्यांचं, पाल असेल तर ७२० गुणिले ५७६. ब्लू-रे १९२० गुणिले १०८०. फोर-के ३८४० गुणिले २१६०. पण या प्रकारच्या सिनेमात ठिपके नेमके कुठे कामाला येतात ते बघा: लेसच्या बारीक जाळीत, पत्रावरच्या शाईत, भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीत, लोकरी कोटाच्या विणीत. डीव्हीडीवर लेस म्हणजे गळ्याभोवतीचा पांढरा पट्टा. ब्लू-रेवर तिच्यातली भोकं मोजता येतात. मारधाडीच्या सिनेमात कॅमेरा कुठेच टिकत नाही, इथे तो चेहऱ्यावर आणि कापडावर मिनिटभर थांबतो. त्यामुळे फरक जास्त जाणवतो.

तरीही डोळे झाकून मोठा आकडा घेऊ नका. मूळ चित्रण कशावर झालंय त्यावर सगळं अवलंबून आहे. फिल्मवर झालं असेल तर तिच्यात डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो आणि नव्याने स्कॅन करून तो बाहेर काढता येतो. १९९५ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिका सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, म्हणून तिची ब्लू-रे खरोखर घेण्यासारखी. याउलट १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश मालिका बघा. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर, अशी त्या काळची रीत होती. नायिका दार उघडून बागेत पाऊल टाकते आणि त्या एका पावलात चित्राचा पोतच बदलतो: आत गुळगुळीत, लख्ख, नाटकासारखं, बाहेर दाणेदार आणि मऊ. डिस्क खराब नाही, ती तशीच आहे. टेपवरचं चित्रण कितीही ताणलं तरी त्यात नसलेला तपशील येत नाही, तेव्हा अशा मालिकांना डीव्हीडी पुरते.

फोर-केच्या बाबतीत ठिपक्यांपेक्षा मला एचडीआर महत्त्वाचं वाटतं. मेणबत्तीची ज्योत झळाळते आणि शेजारचा अंधार तरी काळाच राहतो, हे एचडीआरचं काम. पण त्यासाठी टीव्हीसुद्धा त्या ताकदीचा लागतो. तो नसेल तर चांगली ब्लू-रे घ्या आणि समाधानाने बघा.

पायरी ४: रीजन

रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण चुकली तर सगळे पैसे पाण्यात. मी स्वतः एकदा एका विक्रेत्याकडून मोठ्या हौसेने एक संच मागवला. पाकिटावर रीजनचा शिक्का होता, मी तो पाहिलाच नाही. प्लेअरने दोन ओळींत नकार दिला आणि तो संच वर्षभर पुस्तकांना टेकू म्हणून उभा होता.

डीव्हीडीचं जग सहा भागांत वाटलेलं आहे. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा, २ म्हणजे युरोपचा बराच भाग आणि जपान, ३ म्हणजे आग्नेय आशिया, ४ म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका, ५ म्हणजे भारत, रशिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग, ६ म्हणजे चीन. शून्य किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालते. ब्लू-रेचे तीनच भाग: ए मध्ये अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया, बी मध्ये युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सी मध्ये भारत, चीन, रशिया. मागच्या कव्हरवर षटकोनी चिन्हात हे अक्षर असतं. फोर-के डिस्कला रीजनचं कुलूप लावत नाहीत, पण त्याच डब्यात सोबत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला ते असू शकतं. इथे बरेच जण फसतात.

आणखी एक. ब्रिटिश मालिकांच्या काही ब्लू-रे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या असतात. रीजन जुळलं तरी अमेरिकेतले बरेचसे प्लेअर त्या चालवत नाहीत. मालिका मागवण्याआधी आपल्या प्लेअरच्या माहितीपुस्तकात ५० हर्ट्‌झ चालतं का ते पाहून घ्या. सिनेमांना सहसा ही अडचण नसते.

पायरी ५: चित्राची चौकट

काळ्या पट्ट्या दिसल्या की काही लोकांना चित्र कापल्यासारखं वाटतं आणि ते रिमोट घेऊन ताणत बसतात. उलट आहे. पट्ट्या आहेत म्हणजे चित्र शाबूत आहे. १९५० च्या आधीचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, त्यांच्या पट्ट्या डावी-उजवीकडे येतात. रुंद पडद्याचे सिनेमे वर-खाली पट्ट्या ठेवतात. टीव्ही पूर्ण भरलाच पाहिजे हा हट्ट धरलात तर घोडागाडीची चाकं अंड्यासारखी लांबट होतात किंवा नायकाची हनुवटी तुटते.

चौकटीवरून किती तलवारी निघतात याचा नमुना म्हणजे 'बॅरी लिंडन'. थॅकरेच्या कादंबरीवरचा स्टॅन्ली कुब्रिकचा १९७५ चा सिनेमा, निव्वळ प्रेमकथा नव्हे, पण या जातीच्या सिनेमांचा थोरला भाऊ. २०११ ची ब्लू-रे १.७८ च्या चौकटीत (रुंदी उंचीच्या १.७८ पट) आली, म्हणजे आजच्या टीव्हीला बरोब्बर भरेल अशी. जाणकार खवळले. पुढे कुब्रिकने सिनेमा लागला तेव्हा थिएटरांतल्या प्रोजेक्टर चालवणाऱ्यांना लिहिलेलं पत्रच समोर आलं. त्यात १.६६ ची चौकट स्पष्ट मागितलेली होती. २०१७ च्या क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या आवृत्तीत ती मिळाली. फरक वर-खाली बोटभर, पण चित्रकलेच्या पद्धतीने बांधलेल्या दृश्यात बोटभर आकाश कमी झालं की जाणवतं. म्हणून कव्हरवर चौकटीचा आकडा बघा आणि तो थिएटरातल्या आकड्याशी जुळतो का ते ताडून पाहा.

जुन्या डीव्हीडीवर 'अ‍ॅनामॉर्फिक' किंवा 'रुंद टीव्हीसाठी सुधारित' असं लिहिलेलं असावं. नसेल तर चित्र पडद्याच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढं बसतं.

पायरी ६: आवाज आणि सबटायटल्स

इथे फार खोलात जात नाही. या सिनेमांतली माणसं हळू बोलतात, वाक्यं लांब असतात आणि शब्द दोनशे वर्षांपूर्वीचे. इंग्रजी सबटायटल्स नसलेली इंग्रजी डिस्क घेऊ नका, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स असतील तर त्यात दारावरची टकटक आणि दुरून येणारी घोडागाडीसुद्धा लिहिलेली असते. सुरुवातीला गंमत वाटते, मग कटकट.

संवाद दबल्यासारखा आणि संगीत अंगावर येणारं वाटत असेल तर बहुधा प्लेअर सहा वाहिन्यांचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये कोंबतोय. मेनूत दोन वाहिन्यांचा, स्टिरिओ, पर्याय असेल तर तो निवडा. जुन्या सिनेमांचा मूळ मोनो आवाज दिलेला असेल तर मी डोळे मिटून तोच घेतो.

पायरी ७: पाकीट आल्या दिवशी

डिस्क महिनाभर वेष्टनात ठेवू नका. परत करायची मुदत निघून जाते आणि मग दोष सापडतो. उघडा, मधलं बटण दाबून डिस्क सोडवा (कडेला धरून ओढलीत तर मधे तडा जातो) आणि उजेडात तिरकी धरून बघा. छापील डीव्हीडीची खालची बाजू चंदेरी किंवा किंचित सोनेरी असते. जांभळट दिसली तर ती बहुधा घरी कॉपी केलेली आहे, सरळ परत पाठवा.

डीव्हीडीचा डेटा पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेचा फक्त ०.१ मिलिमीटर. म्हणून ब्लू-रेला कडक लेप दिलेला असतो आणि तिच्यावर चरे सहज पडत नाहीत, पण पडले तर डीव्हीडीसारखे घासून काढता येत नाहीत. पुसायचं मायक्रोफायबरच्या फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल कधीच नाही.

मग डिस्क लावून सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं चालवून बघा. मध्य महत्त्वाचा. दोन थरांच्या डीव्हीडीत वाचणारा किरण आतून कडेपर्यंत जातो आणि तिथून दुसऱ्या थरावर उलटा फिरतो. म्हणजे सिनेमाचा मधला भाग डिस्कच्या कडेला असतो, जिथे सगळ्यांची बोटं लागतात. थर बदलताना चित्र क्षणभर थबकलं तर तो दोष नाही. चौकोन चौकोन फुटले तर आहे.

नवी ब्लू-रे जुन्या प्लेअरवर चालूच झाली नाही तर आधी प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. दहातल्या आठ वेळा डिस्क निर्दोष निघते, हा माझा अनुभव.

पायरी ८: टीव्ही माणसात आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. टीव्ही जसा येतो तसा तो दुकानातल्या झगझगाटासाठी लावलेला असतो: रंग भडक, कडा कोरलेल्या, गालांवर ऊन लागल्यासारखी लाली. 'फिल्ममेकर' नावाचा मोड असेल तर तो निवडा, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. 'व्हिव्हिड'ला हात लावू नका. शार्पनेस शून्याकडे न्या. पहिले दहा मिनिटं चित्र पिवळट आणि मेलेलं वाटेल. डोळे रुळले की मागचं चित्र किती कर्कश होतं ते कळतं.

मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय शोधा आणि बंद करा. प्रत्येक कंपनीने तिचं वेगळं बारसं केलंय, पण नावात बहुतेक 'मोशन' असतं. ही सोय दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या मनाने चौकटी घालते. नाचाच्या प्रसंगात पंधरा जोड्या एकमेकांना ओलांडून जातात तेव्हा बघा. हातांच्या भोवती पाण्यासारखी वलयं उठतात, आणि लाखो खर्चून उभा केलेला दरबार शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग वाटायला लागतो.

टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' असेल तर चालू करा. नाहीतर चारही कडांनी थोडं थोडं चित्र पडद्याबाहेर जातं.

आता अंधाराची परीक्षा. मेणबत्त्यांच्या उजेडातला एखादा प्रसंग लावा. 'बॅरी लिंडन'मधले काही प्रसंग खरोखरच्या मेणबत्त्यांवर चित्रित झाले, त्यासाठी नासासाठी बनवलेल्या झाइसच्या, अगदी कमी उजेडातही चालणाऱ्या एफ ०.७ भिंगांचा उपयोग केला गेला. ती डिस्क असेल तर तिच्याइतकी चांगली कसोटी नाही. मागचा अंधार राखाडी धुक्यासारखा वाटला, तर ब्राइटनेस थोडा थोडा उतरवत जा. काळ्या कोटाच्या घड्या आत्ता दिसतायत आणि अजून एक घर खाली गेलं तर जातील, तिथे थांबा. खोलीतले दिवे मालवून हे करायचं, भर दुपारी नाही.

चित्रावर बारीक रवाळपणा सळसळताना दिसेल. ती फिल्मची ग्रेन, तिथे घाण काही नाही. ती काढायला 'नॉइज रिडक्शन' चालू कराल तर ग्रेनबरोबर कातडीची छिद्रं, मखमलीची लव, सगळंच पुसलं जातं आणि चेहरे मेणाचे होतात. काही कंपन्या डिस्क बनवतानाच हा उद्योग करून ठेवतात. त्याला घरी इलाज नाही, म्हणून घेण्याआधी परीक्षणांत 'मेणचट' असा शेरा आहे का ते बघावं.

पायरी ९: पहिल्यांदा बघताना

मेनू पटकन ओलांडा. मेनूमागे सिनेमातले तुकडे फिरत असतात आणि ते निवडणाऱ्याला बहुधा शेवटचंच चुंबन आवडलेलं असतं. प्रकरणांच्या यादीतही 'लग्न', 'मृत्यू', 'परतणं' अशी नावं सरळ लिहिलेली असतात. कादंबरी वाचली नसेल तर त्या यादीकडे फिरकू नका.

दिग्दर्शकाची कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना तो त्यावर बोलतो ती, दुसऱ्या खेपेला. सिनेमासोबत डिस्कवर दिलेल्या छोट्या जोडफितींमध्ये आधी पोशाखांवरची बघा, मग वगळलेले प्रसंग. वगळलेल्या प्रसंगांशेजारी कादंबरी उघडी ठेवली तर एक मजा कळते: पटकथाकाराने कोणतं पात्र लिहिलं, नटाने केलं, आणि संकलकाने घालवलं. कित्येकदा एखाद्या मावशीचं किंवा धाकट्या भावाचं अख्खं कथानक तिथे पडलेलं असतं, आणि मुख्य सिनेमात त्या पात्राने एकदाच तसं का पाहिलं याचा उलगडा होतो.

डब्यात डिजिटल प्रतीचा कोड असेल तर त्याच दिवशी वापरा. त्याची मुदत संपते, आणि ती तारीखही मागच्या बाजूलाच, बारीक अक्षरात छापलेली असते.